नव्वद टक्के काम पूर्ण, म्हणजे नक्की काय?

'प्रकल्पाचं नव्वद टक्के काम पूर्ण, लवकरच लोकार्पण.' हे वाक्य वर्तमानपत्रात अधूनमधून येतंच. मग वर्ष जातं, एक दिवाळी जाते, आणि तेच वाक्य 'त्र्याण्णव टक्के' होऊन परत येतं. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी थापा मारतंय. माझ्या अनुभवात थाप क्वचित असते. नव्वद टक्के कशाचे, हे मात्र कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

मुंबईची मेट्रो ३ घ्या. आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातलं एक सोडून सगळी जमिनीखाली. बोगदे खणणाऱ्या यंत्रांनी शेवटची भिंत फोडली ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. बोगद्यांचं खोदकाम त्या दिवशी शंभर टक्के झालं होतं. प्रवासी मात्र पहिल्यांदा बसले ऑक्टोबर २०२४मध्ये, तेही आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) एवढ्याच टप्प्यात. कफ परेडपर्यंत गाडी पोहोचली ऑक्टोबर २०२५मध्ये. म्हणजे डोळ्यांना आणि बातमीला जे सगळ्यात मोठं काम दिसत होतं, ते संपल्यावरही जवळजवळ तीन वर्षं. त्या काळात रूळ, वीज, सिग्नल, सरकते जिने, आग लागली तर धूर बाहेर ओढणारे पंखे, गाड्यांच्या चाचण्या, आणि सरतेशेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांचं प्रमाणपत्र. सुरुवातीचा अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता, तो ३७,२७६ कोटींवर गेला.

अशा कामाचा वेळ, क्रम आणि पैसा सांभाळणाऱ्या माणसाला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात. मी त्याच्या हाताखाली वेळापत्रकं करणाऱ्यांपैकी. लोकांची समजूत अशी की हा माणूस हेल्मेट घालून साइटवर ओरडत फिरतो. ओरडतो, नाही असं नाही. पण त्याचं खरं काम रोज सकाळी एक प्रश्न विचारायचं आहे: आज कोण कुणासाठी थांबलंय?

मेट्रोवर हे समजावणं अवघड जातं, म्हणून आमच्या घराचं उदाहरण घेतो. दोन वर्षांपूर्वी वाईजवळच्या आमच्या घरावर आम्ही एक मजला चढवला. वेळापत्रक अर्थातच मी केलं होतं. घरात त्यावरून अजून टोमणे बसतात.

आधी कामाची फोड

'वरचा मजला बांधणे' हे काम नव्हे, ती इच्छा आहे. काम म्हणजे ज्याला करणारा ठरलेला आहे, ज्याला किती दिवस लागतील ते सांगता येतं, आणि जे झालं की नाही ते बघून कळतं. 'सेंटरिंग लावणे', म्हणजे स्लॅबसाठी खालून टेकू देऊन साचा उभारणे, हे काम. 'सळई बांधणे' हे काम. 'घर छान करणे' हे नाही.

फोड किती बारीक करायची? आमच्या धंद्यातला ढोबळ आडाखा असा की एक तुकडा आठवड्या-दोन आठवड्यांपेक्षा लांब नसावा. लांब असला की मुकादम पहिले दहा दिवस 'चालू आहे' एवढंच सांगतो, आणि चालू असलेल्या कामाइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही.

इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस

आमच्या स्लॅबचा क्रम असा होता. सेंटरिंगला ६ दिवस, सळई बांधायला ४, मग स्लॅबमध्ये विजेचे पाइप आणि पंख्याचे डबे टाकायला १, काँक्रीट ओतायला १. त्यानंतर टेकू तसेच ठेवून १४ दिवस थांबायचं. हे चौदा दिवस कुणा ठेकेदाराच्या मर्जीतले नाहीत. साडेचार मीटरपेक्षा मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, असेल तर स्लॅबखालचे टेकू किमान १४ दिवस काढू नयेत, असं काँक्रीटसाठीचं भारतीय मानक सांगतं. मग त्या स्लॅबखालचं वीटकाम आणि प्लास्टर १२ दिवस, फरशी ६. बेरीज ४४ दिवस.

यातलं सगळ्यात स्वस्त काम कोणतं? पाइप टाकणं. माणूस एक, मजुरी काही हजार, आणि खरं तर अर्ध्या दिवसात उरकतं. सळई बांधून झाल्याशिवाय ते करता येत नाही आणि ते झाल्याशिवाय काँक्रीट ओतता येत नाही.

सळई वेळेत झाली. इलेक्ट्रिशियन मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. तीन दिवस. काँक्रीटचा ट्रक रद्द केला, ओतकामाची टोळी दुसऱ्या साइटवर गेली, आणि आम्ही बांधलेल्या सळईकडे बघत चहा पीत बसलो. लाखांचं काम हजारांच्या कामासाठी थांबलेलं होतं. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला, आणि संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. आणखी दोन दिवस गेले.

एकामागोमाग एक अडकलेल्या कामांची जी सगळ्यात लांब माळ असते, तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. मी इथे तिला मुख्य साखळी म्हणेन. प्रकल्पाची तारीख या साखळीची लांबी ठरवते, कामाचा आकार किंवा किंमत नव्हे. साखळीतली कडी एक दिवस सरकली की शेवटही एक दिवस सरकतो.

याच गोष्टीचं मोठं रूप कोकण रेल्वेने पाहिलं. ७४१ किलोमीटरचा मार्ग. महामंडळ १९९०मध्ये स्थापन झालं, पाच वर्षांत गाडी धावायची होती. डोंगर फोडले, नद्यांवर पूल उभे राहिले. आणि सगळा मार्ग शेवटी थांबला तो गोव्यातल्या पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यासाठी. तिथे कातळ नव्हता, ओली चिकणमाती होती. खणावं आणि ती पुन्हा खाली यावी. २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू झाला. त्याआधी कुणी म्हटलं असतं की नव्व्याण्णव टक्के लोहमार्ग तयार आहे, तर आकडा बरोबरच होता. पण मुंबईहून थेट मडगावला जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

सवड कुणाकडे आहे?

आता साखळीबाहेरची कामं. आमचा वर जाणारा लोखंडी जिना बाहेरून होता, आणि तो फॅब्रिकेटर आपल्या शेडमध्ये बनवणार होता. बनवून, आणून, बसवेपर्यंत २० दिवस. लागणार चव्वेचाळिसाव्या दिवशी. म्हणजे त्याच्याकडे २४ दिवसांची सवड होती. तो दहा दिवस उशिरा लागला तरी घराला काहीच फरक पडणार नव्हता.

हे कळलं की मॅनेजरचं अर्धं डोकं मोकळं होतं. सगळ्यांच्या मागे सारखं लागायचं कारण उरत नाही. १९५७मध्ये अमेरिकेत ड्युपाँट या रसायन कंपनीत वॉकर आणि केली या दोघांनी मुख्य साखळी शोधायची ही पद्धत बसवली, तिचं मूळही इथेच होतं. घाई झाली की सगळ्याच कामांना ओव्हरटाइम दिला जाई, आणि त्यातली थोडीच कामं तारखेवर परिणाम करणारी असत. उरलेला पैसा वाया. पुढे एका कारखान्याच्या देखभालीसाठी ही पद्धत वापरली, तेव्हा तो बंद ठेवण्याचा सरासरी काळ १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. सगळ्यांना पळवून हे झालं नाही, कुणाला पळवायचं ते कळल्यामुळे झालं.

सवड मात्र बँकेतल्या ठेवीसारखी नसते, ती बर्फाच्या लादीसारखी असते. वापरली नाही तरी वितळते. जिन्याकडे परत येऊ.

मग सगळ्यांचे अंदाज चुकतात कसे?

क्रम माहीत आहे, दिवस माहीत आहेत, तरी चुकतंच. कारण दिवस सांगताना आपण सगळं सुरळीत होईल असं धरून सांगतो. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्ये या खोडीला नाव दिलं. पण मला त्याहून आवडतो तो १९९४मधला एक अभ्यास. विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. मग विचारलं, सगळं अगदी उलटंसुलटं झालं तर? सुमारे ४९ दिवस, असं उत्तर मिळालं. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे 'वाईटात वाईट' म्हणून जे कल्पिलं होतं, ते खऱ्यापेक्षा बरंच गोड होतं.

उपाय दोन आहेत. पहिला साधा: स्वतःला विचारू नका, आधी हेच काम केलेल्याला विचारा. 'तुला किती दिवस लागतील?' याचं उत्तर गवंडी मन राखायला देतो. 'मागच्या तीन घरांना किती लागले?' याचं उत्तर खरं येतं.

दुसरा उपाय १९५८च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामात वापरला. एका कामाला एक आकडा न देता तीन द्यायचे. इलेक्ट्रिशियनचं बघा: सगळं जमलं तर १ दिवस, एरवी २, आणि लग्नसराईत सापडला तर ९. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरीज करायची आणि सहाने भागायचं. १ अधिक ८ अधिक ९, म्हणजे १८. भागिले ६, म्हणजे ३ दिवस. मी १ धरला होता. नवाचा आकडा कागदावर लिहिला असता तर निदान लग्नाचं विचारलं तरी असतं.

यावर हमखास येणारा आक्षेप: जास्तीचे दिवस दिले की माणूस ते वापरणारच. खरं आहे. काम दिलेल्या वेळेइतकं फुगतं, हे पार्किन्सनने १९५५मध्येच लिहून ठेवलं आणि आपल्या प्रत्येक कचेरीने ते सिद्ध केलं. म्हणून राखीव दिवस प्रत्येक कामाच्या खिशात घालायचे नसतात. ते एकत्र करून प्रकल्पाच्या शेवटी ठेवायचे, आणि किल्ली मॅनेजरकडे. ज्याचं अडलं त्याने येऊन मागायचं, कारण सांगून. पैशातल्या राखीव रकमेचंही तेच.

पैसे किती गेले, यावरून काम कळत नाही

आता हिशोब. इथे आकडे सोपे करून घेतो. समजा घराला ३० लाख आणि १० महिने ठरले आहेत, दरमहा सारखं काम. पाच महिने झाले. खर्च १६ लाख. घरमालक म्हणतो, वा, पंधरा व्हायला हवे होते, सोळा झाले, लाखभर इकडेतिकडे चालायचंच.

पण त्याने तिसरा आकडा पाहिलेला नाही. ठरलेल्या यादीनुसार जेवढं काम खरोखर पुरं झालं, त्याची ठरलेली किंमत किती? ती निघाली १२ लाख. या आकड्याला 'कमावलेली किंमत' म्हणू. जे झालं तेवढंच कमावलं. आणून टाकलेली सळई, ठेकेदाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स, अर्धवट प्लास्टर, यातलं काहीच त्यात धरायचं नाही.

आता चित्र पालटतं. पंधरा लाखांचं व्हायला हवं होतं, बारा लाखांचं झालं, वेग ०.८. याच वेगाने गेलो तर दहाऐवजी साडेबारा महिने. बारा लाखांच्या कामाला सोळा लाख गेले. रुपयाला ७५ पैशांचं काम मिळतंय. असंच चाललं तर तीसऐवजी ४० लाख. मालकाला जो लाखभराचा फरक वाटत होता, तो दहा लाखांचा आहे, आणि तो पाचव्या महिन्यातच दिसतोय. दहाव्या महिन्यात दिसला तर फक्त रडता येतं.

वर्तमानपत्रातला टक्का वाचताना हेच विचारायचं. टक्का खर्चाचा आहे, खोदकामाचा आहे, की कमावलेल्या किमतीचा? सरकारी कामात एमबी, म्हणजे मेजरमेंट बुक, असतं. साइटवर फिता लावून मोजलेलं काम त्यात चढतं आणि मगच बिल निघतं. जुनी पद्धत आहे, तिची चेष्टाही होते. पण प्रामाणिकपणे भरलं तर त्या पुस्तकाइतकं खरं बोलणारं सॉफ्टवेअर मी अजून पाहिलेलं नाही.

'माणसं वाढवा की!'

उशीर झाला की हा सल्ला फुकट मिळतो. एका खोलीत चार गवंडी प्लास्टरला लावले तर एकमेकांच्या थाप्या लागतात, काम होत नाही. काँक्रीटवर तर दहा माणसं उभी केली तरी चौदा दिवसांचे तेरा होत नाहीत. संगणकाच्या जगात आयबीएमचे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५मध्ये याहून कडू गोष्ट सांगितली: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर उशीर वाढतो. नव्या माणसाला समजावायला जुन्याचा वेळ जातो, आणि जुनाच तर काम ओढत असतो. पुण्यात हिंजवडीला रात्री अकराला दिवे चालू असलेल्या कुठल्याही मजल्यावर विचारून बघा.

माणसं वाढवून काही कामं नक्की लवकर होतात. सेंटरिंग होतं, वीटकाम वेगवेगळ्या भिंतींवर चालू शकतं. पण ते काम मुख्य साखळीत असेल तरच तो पैसा कामी येतो.

'खरं कारण खाबूगिरी आहे, हे का सांगत नाही?'

आहे, आणि ती वेळापत्रकाने जात नाही. पण सगळं तिच्या खात्यावर टाकलं की बाकीची कारणं सुटतात. विदर्भातला गोसीखुर्द प्रकल्प बघा. १९८३मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा किंमत सुमारे ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. पुढे किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. दरसाल ८ टक्के महागाई धरली तर तीस वर्षांत किंमत दहा पट होते. म्हणजे ३,७०० कोटींच्या आसपास. उरलेली वाढ कुठून आली? भूसंपादनाचे दर, पुनर्वसन, कालव्यांच्या बदललेल्या आखण्या, रेंगाळलेल्या कामाचा खर्च. आणि हो, ज्याची चौकशी व्हावी असंही बरंच. जलसंपदा खात्यात 'सुप्रमा' हा शब्द इतका रुळलाय की तो संक्षेप आहे हेच लोक विसरतात: सुधारित प्रशासकीय मान्यता. पहिला आकडा कमी सांगितला की मंजुरी लवकर मिळते, आणि एकदा पाया खणला की सुप्रमा नाकारायची कुणाची हिंमत होत नाही. यात लबाडी आहे आणि आधी सांगितलेला गोड अंदाजही आहे. दोन्ही एकाच आकड्यात बेमालूम मिसळलेले असतात.

आता चालूच आहे तर...

घरगुती सुप्रमा याच वाक्याने सुरू होते. 'आता चालूच आहे तर गच्चीवर एक खोली काढून घेऊ.' 'आता चालूच आहे तर देवघर ईशान्येला सरकवू.' देवघर सरकवणं म्हणजे भिंत, भिंतीतला पाइप, पाइपासाठी पुन्हा तोच इलेक्ट्रिशियन. आईला मी नाही म्हणू शकलो नाही, कुठला मॅनेजर म्हणतो? पण एक केलं. प्रत्येक बदल वहीत लिहिला, पुढे त्याचे दिवस आणि रुपये लिहिले, आणि सही घेतली. आईने सही करताना विचारलं, 'मी काय तुझी क्लायंट आहे का रे?' गच्चीवरची खोली मात्र त्या सहीपाशीच अडली. देवघराचे चार दिवस आणि अठरा हजार वाढले, ते तिने मुकाट दिले.

सगळं धरून घर चव्वेचाळीसऐवजी त्रेपन्न दिवसांत झालं. माझ्या हिशोबाने वाईट नाही. इलेक्ट्रिशियनचे तीन, पावसाचे दोन, देवघराचे चार. वास्तुशांतीचा मुहूर्त आम्ही पुढचाच धरला होता, त्यामुळे तोही साधला.

राहिला जिना. त्याच्याकडे चोवीस दिवसांची सवड आहे म्हणून मी महिनाभर फॅब्रिकेटरला फोनच केला नव्हता. केला तेव्हा कळलं, त्याने अजून लोखंडही आणलेलं नाही. 'साहेब, तुम्हीच म्हणालात ना घाई नाही.' वास्तुशांतीच्या सकाळी गवंड्याची परांची सुटून गेली होती, तिची एक बांबूची शिडी आम्ही मागून ठेवली होती. गुरुजींनी धोतर खोचलं, कलश माझ्या हातात दिला, आणि शिडीकडे बघून म्हणाले, 'यजमान, आधी तुम्ही चढा.'